एका हाताची टाळी

जयपूरहून परतून महिना होत आला. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलं?" मी हवामहल सांगते, तिळाच्या गजकाचा तुकडा हातावर ठेवते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर त्या शहरातून मी एकच गोष्ट घेऊन आले आहे, ती म्हणजे राग. भुसावळात उतरले तेव्हा होता तेवढाच तो आजही आहे. तो कुणावर आणि कशासाठी, हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसले आहे. ज्यांना जयपूर बघायचं असेल त्यांनाही थोडं दिसेल.

जगतपुरा

माझा थोरला भाऊ सुधाकर, आमचा दादा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. भुसावळहून बदली होऊन जयपूरला गेला आणि तिथलाच झाला. निवृत्त झाल्यावर जगतपुऱ्यात वरच्या मजल्यावर घर घेतलं. घरात तो, वहिनी आणि त्यांची मुलगी सायली. सायली विमा कंपनीत नोकरीला आहे. तिचं मराठी निम्मं हिंदीत चालतं, दादाला ती पापा म्हणते, पण मला 'आत्या' मात्र अगदी भुसावळी लाडात म्हणते.

दिवाळीत वहिनीचा फोन आला होता. "ह्यांना जरा बीपीचा त्रास झाला, दवाखान्यात ठेवलं होतं. आता बरे आहेत." त्यानंतर दादाशी बोलले तर आवाज खणखणीत. "मला काय धाड भरलीय? संक्रांतीला ये, छायू. इथले पतंग बघ एकदा. तुमच्याकडे तिळगूळ वाटतात आणि झोपतात. इथे गावचं गाव गच्चीवर असतं."

म्हणून गेले. भरताची वांगी, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि हिरव्या मिरच्या पिशवीत घालून गेले. त्याला आमच्याकडचं भरीत मिळून वर्ष झालं होतं.

सायली स्टेशनवर घ्यायला आली. गाडीत दादाचा विषय तिने काढला नाही. घराचं दार दादाने उघडलं आणि मला हसूच आलं. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर पांढऱ्या दाढीचे खुंट.

"दादा, ही कुठली नवी फॅशन?"

"कसली फॅशन? आत्ताच दाढी केलीय," तो म्हणाला आणि उजव्या गालावरून हात फिरवून दाखवला.

मग माझी नजर खाली गेली. डावा हात स्वेटरच्या बाहीतून नुसता लोंबत होता. बोटं आत वळलेली, मनगट सुजलेलं. डावा पायही चालताना थोडा घसटत होता. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपारी मी भरीत केलं. दादाने ताटाच्या उजव्या बाजूचं भरीत चाटूनपुसून खाल्लं, भाकरीचा उजवीकडचा तुकडा संपवला आणि म्हणाला, "भाकरी एवढीच?" डावीकडे अर्धी भाकरी आणि वाटीभर भरीत तसंच होतं. वहिनीने हात पुढे केला आणि ताट अर्धं फिरवलं. "अरे, आहे की!" दादा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

किती वेळा फिरवलं असेल म्हणजे हात असा आपोआप गेला! मग लक्षात आलं, सगळं घरच फिरलेलं आहे. टीव्ही उजवीकडे. चष्मा, पाण्याचा तांब्या, चपला उजवीकडे. सायली बसते तीही उजवीकडे.

जेवण झाल्यावर मी सरळ विचारलं. "दादा, डाव्या हाताला काय झालं?"

"काही नाही."

"वर करून दाखव."

"हा बघ." हात मांडीवर पडलेला.

"कुठे केलास?"

"केला की! तुला दिसत नाही का? चष्म्याचा नंबर बघून घे तुझा."

"दादा, हात हललासुद्धा नाही."

"सकाळपासून कामं केलीत, दमलाय जरा," तो चिडून म्हणाला. "आल्या आल्या काय परीक्षा घेतेस?"

मी तीस वर्षं तहसील कचेरीत काढली. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखण्यावरच आयुष्य गेलं. त्या दिवशी माझी खात्री झाली की दादा खोटं बोलतोय. निवृत्त झालेल्या ताठ माणसाला अपंगपण कबूल करायला लाज वाटतेय, एवढंच. मला त्याचा राग आला, आणि मला काही न सांगणाऱ्या वहिनीचा त्याहून जास्त.

"झटका येऊन गेला," वहिनीने शेवटी ओट्यापाशी सांगितलं. "मेंदूच्या उजव्या बाजूला. तुम्ही धावत याल, ह्यांना वाईट वाटेल, म्हणून नाही सांगितलं."

"आणि व्यायाम? मालिश? कुणी येतं की नाही?"

"एक मुलगी येत होती. बंद केली."

"का?"

वहिनीने भांडं विसळायला घेतलं. "सायलीला विचारा," ती म्हणाली.

बडी चौपड

दुसऱ्या दिवशी दादाच आम्हाला शहर दाखवायला निघाला. नातेवाईक आले की बडी चौपडच्या चौकातून जुनं शहर दाखवायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. ज्याला सगळे गुलाबी म्हणतात तो रंग मला तरी गेरूचाच वाटला, आपल्याकडे तुळशीवृंदावनाला देतात तसला. पण सकाळचं ऊन पडलं की त्या भिंती आतून तापल्यासारख्या दिसतात. थंडी इतकी की मातीच्या कुल्हडमधला चहा संपला तरी कुल्हड सोडवत नाही. कबुतरांना दाणे टाकणारे लोक, लाखेच्या बांगड्यांचे ढीग, कढईतून निघणारी कांद्याची कचोरी. आपल्या कचोरीसारखी ती नाही. एक खाल्ली की जेवण झालं.

हवामहलासमोरच्या एका गच्चीवर चहा मिळतो, तिथे आम्ही बसलो. एवढ्या खिडक्या एका भिंतीला मी कुठे पाहिल्या नव्हत्या. दादा रंगात आला. "तो कोपरा बघ, छायू. त्या बाजूच्या जाळ्या बघ, दगड आहे पण कापडासारखा कापलाय." तो बोलत होता ते सगळं उजव्या अर्ध्या भागाबद्दल. मी मुद्दाम विचारलं, "आणि डावीकडे काय आहे?"

"डावीकडे काही नाही," दादा सहज म्हणाला.

काही नाही! अर्धा हवामहल समोर उभा, आणि हा म्हणतो काही नाही. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. मी रागाने त्याची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. तो पाहत राहिला. "हां, हेही आहे," म्हणाला, जणू कुणी ते आत्ताच आणून ठेवलं होतं. पुढच्या घोटाला मान पुन्हा उजवीकडे.

खाली उतरल्यावर बाजारातून चालताना तो डावीकडच्या बांगड्यांच्या मांडणीवर सरळ जाऊन आदळला. बांगड्यांच्या चळती खाली आल्या. दुकानातली बाई तिथल्या बोलीत ओरडली, दिसत नाही का म्हणून, "दीखे कोनी कांई, बाबूजी?"

"रस्ते के बीच में दुकान किसने लगाई?" दादा तिच्यावरच उलटला. सायलीने माफी मागितली, मी खाली बसून बांगड्या गोळा केल्या. आमच्या दादाने उभ्या आयुष्यात कुणा बाईवर असा आवाज चढवला नव्हता. तो उभा होता, आणि त्याचा डावा हात मांडणीच्या दोरीत अडकला होता. त्याला पत्ता नव्हता. सायलीने तो हळूच सोडवला, झाडाला अडकलेला पतंग सोडवावा तसा, आणि त्याच्या खिशात घालून ठेवला.

राजा पार्क

तिथून पुढचा दिवस माझ्या रागाचा खरा मालक आहे.

"आत्या, आज पापांचं सेशन आहे. तुम्ही पण चला," सायली म्हणाली. "मतलब, तुम्हाला पॉझिटिव्ह वाटेल."

राजा पार्क म्हणजे कपड्यांची दुकानं, चाट, छोले-कुलचे आणि गाड्या लावायला जागा नाही असा भाग. तिथे एका दुकानाच्या वर हॉल होता. गादीच्या खुर्च्या, गुळगुळीत पडदा, त्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत 'जो मानोगे, वही पाओगे'. माणसं भरपूर. चांगल्या घरातली, शिकलेली. आणि समोर एक हसतमुख तरुण माणूस, जाकीट घातलेला, कानाला माइक लावलेला. सगळे त्याला 'सर' म्हणत होते.

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी शिरले नाहीत. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. घरात बुद्धवंदना व्हायची, आणि गंडा-दोरा घेऊन कुणी आलं तर ते दारातूनच परत पाठवायचे. वहिनीनेही तो रिवाज जयपुरात मोडला नाही. कुणी राख घेऊन आला असता तर तिने त्याला पायरीही चढू दिली नसती. पण हा माणूस लॅपटॉप घेऊन आला. मेंदू, न्यूरॉन, एनर्जी असे शब्द घेऊन आला. त्याला आमच्याकडे दार उघडंच होतं.

तो सांगत होता, आपण जग जसं मानतो तसंच ते बनतं. आजार आधी मनात येतो, मग शरीरात. "बीमारी को मानना बंद कीजिए, बीमारी आपको मानना बंद कर देगी." लोक माना डोलवत होते. मग त्याने दादाला पुढे बोलावलं.

"ये हमारे सुधाकर सर हैं. डॉक्टरों ने कहा था, लकवा है. सर, आपको लकवा है?"

"बिलकुल नहीं," दादा छाती काढून म्हणाला.

"ये है विश्वास! सर, बायाँ हाथ उठाइए."

दादाचा डावा हात मांडीजवळ लोंबत राहिला. बोटसुद्धा हललं नाही.

"उठाया?"

"उठाया ना," दादा म्हणाला.

आणि टाळ्या पडल्या. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. दोन डोळे शाबूत असलेली, मेंदू शाबूत असलेली माणसं, न उठलेल्या हाताला टाळ्या वाजवत होती. माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी उभी राहिले. माझं हिंदी कचेरीतलं, पण आवाज भुसावळचा आहे. "हाथ उठा नहीं है," मी म्हणाले. "आप लोगों ने देखा क्या? किसने देखा? एक आदमी बोलो."

शेजारची बाई माझा पदर ओढत म्हणाली, "दीदी, नेगेटिव मत बोलिए."

तो सर जागचा हलला नाही. हसू तसंच. "आंटीजी बहन हैं इनकी. प्यार करती हैं. लेकिन देखिए, आंटीजी का यही शक सर के हाथ पर बोझ बनकर बैठा है. बोझ हटेगा, हाथ और ऊपर जाएगा."

म्हणजे हात उठला तर याची करामत, आणि नाही उठला तर माझं पाप! मी पुढे जाणार तोच दादा माझ्यावर गरजला. भरल्या हॉलमध्ये, मराठीत, जे माझ्याशिवाय आणि सायलीशिवाय कुणाला कळलं नाही. "छायू, तू घरी जा. तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही."

मी जिना उतरून खाली आले. थोड्या वेळाने सायली आली. दादा वर चहापाण्याला थांबला होता. आम्ही एका ठेल्यापाशी उभ्या राहिलो. तिने छोले-कुलचे घेतले. मला नको होते, तरी तिने प्लेट हातात दिली.

"व्यायामाची मुलगी त्या सरनेच बंद करवली ना?" मी विचारलं.

"सर म्हणाले, ती रोज येऊन बॉडीला याद दिलवते की तू बीमार आहेस."

"आणि तू ऐकलंस? शिकलेली मुलगी तू!"

मग तिचा बांध फुटला. "आत्या, तुम्ही तेव्हा नव्हत्या इथे. पापा हॉस्पिटलमध्ये पण म्हणत होते, मला काही नाही झालं. मी सांगायचे, हाथ नाही उठत पापा. तर ते मला झूठी म्हणायचे. रोज झगडा. ती मुलगी यायची तर तिच्यावर ओरडायचे, की मी धड माणूस आहे, हिला कशाला बोलावता. मम्मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग एक माणूस मिळाला जो म्हणाला की पापांचं खरं आहे. घरात शांती झाली, आत्या. मला पण कुणीतरी हेच सांगायला हवं होतं. तर मी मानलं."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. मी म्हणाले, "घरात शांती झाली आणि हात गेला." ती प्लेट ठेवून गाडीकडे गेली.

गच्ची

संक्रांतीच्या दिवशी जयपूर खाली राहतच नाही. सकाळपासून सगळं गाव गच्चीवर. प्रत्येक गच्चीवर मोठ्याने गाणी, तिळाचे लाडू, गजक, दुधात भिजवलेली शेवयांसारखी फीणी, गरम गरम डाळीची पकोडी. आपल्याकडे बायका हळदीकुंकवाला बसतात आणि वाण लुटतात. इथे बायकासुद्धा मांजा धरून शेजारच्या गच्चीशी वैर काढतात. पतंग कापला की "वो काटा!" अशी आरोळी इतकी मोठी, की कुणी पडलं की काय असं आधी वाटतं. आकाशात इतके पतंग, की पक्षी कुठे जात असतील याची चिंता वाटावी.

दादाला पतंगाचं वेड. मी म्हटलं, वर नको. वहिनी म्हणाली, नको. तो ऐकेना. उजव्या हातात दोर, फिरकी सायलीच्या हातात, आणि त्याच्या मते पतंग तो दोन्ही हातांनी उडवत होता. मी आणि वहिनी त्याच्या डाव्या बाजूला कठड्यापाशी उभ्या राहिलो, पहारेकऱ्यासारख्या. हॉलमधल्या प्रसंगानंतर दादा आणि सायलीचं माझ्याशी नीट बोलणं नव्हतं, पण सणाचा दिवस म्हणून लाडू मात्र एकमेकांच्या हातावर ठेवले होते.

सायलीने हाक मारली म्हणून वहिनी फिरकीचा गुंता सोडवायला गेली. माझी नजर वर होती. कापला गेलेला कुणाचा तरी पतंग आमच्या गच्चीवरून वाहत गेला, त्याचा मांजा कठड्यावरून सरसरत आला आणि पुढच्या गच्चीवरच्या कुणीतरी तो जोरात खेचला. लोंबू नये म्हणून आम्ही कठड्यावर टेकवलेला दादाचा डावा हात तिथेच पडलेला होता.

मला आधी फरशीवरचे थेंब दिसले. मग कठड्यावरून वाहणारी धार. तळव्याच्या बाजूने आत खोल चिरलं होतं.

"दादा! रक्त!"

"कुठे?" तो उजवीकडे पाहत होता. दोर अजून हातात. मी त्याला ओढून वळवलं, त्याचाच हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तो घाबरला, पण स्वतःसाठी नाही.

"अरे, सायलीला लागलं! बघ पोरीचा हात!"

"पापा, मी इकडे आहे," सायली म्हणाली. फिरकी टाकून ती त्याच्यासमोर आली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. "माझे दोन्ही हात हे आहेत. बघा."

त्याने तिचे हात पाहिले. मग माझ्या हातात धरलेला तो रक्ताने भरलेला हात पाहिला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. सिग्नलच्या नकाशात चूक शोधताना पडायच्या तशा. मग त्याला उत्तर सापडलं.

"मग तुझा असेल," तो मला म्हणाला. "छायू, तुझा हात कापलाय. पट्टी बांध लवकर."

माझा सगळा राग त्या क्षणी जागच्या जागी थिजला. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत एक कोपरा तरी खरं जाणणारा असतो. मी तीस वर्षं तो कोपरा शोधला होता. दादाच्या डोळ्यांत तो नव्हता. त्याला खरोखर माझी काळजी वाटत होती.

वहिनी धावत आली. तिने पदर फाडून हात घट्ट गुंडाळला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याला मोठ्याने बोलली. "तुमचा आहे हो! तुमचाच आहे हा! लग्नात मी धरलेला हात आहे हा, मला नाही कळणार?"

आजूबाजूच्या गच्च्यांवर "वो काटा" चाललंच होतं.

दवाखाना

टाके पडले. एक शीर थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, ज्यांच्याकडे जाणं सेशन सुरू झाल्यापासून थांबलं होतं. डॉक्टर मध्यम वयाची बाई होती. तिने दादाला काही प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "अंकलजी, ताली बजाइए."

दादाने उजवा हात छातीसमोर आणला, हवेत मधोमध थांबवला, पुन्हा मागे नेला, पुन्हा आणला. आवाज नाही.

"बजाई?"

"बजाई ना. आपने सुनी नहीं?"

एका हाताने टाळी वाजत नाही, असं आपण भांडण सोडवताना म्हणतो. माझ्या भावाच्या डोक्यात ती वाजत होती.

डॉक्टरने मला आणि सायलीला बाजूला बसवून समजावलं. तिचं हिंदी सोपं होतं. मेंदूच्या ज्या भागाला मार बसला, तो भाग डाव्या बाजूची खबर ठेवतो. हात उठवायचा हुकूम सुटतो. हात उठला की नाही ही खबर परत येत नाही. आणि मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तिथे तो गोष्ट रचून भरतो. हात दमलाय, हात मुलीचा आहे, हात बहिणीचा आहे. "हम सबका दिमाग़ यही करता है," ती म्हणाली. "कम देखता है, बाक़ी अंदाज़ा लगाता है. हमारी ग़लती कोई पकड़ लेता है, आँख, हाथ, सामने वाला. इनकी पकड़ने वाली चीज़ ही टूट गई है. ये ज़िद नहीं है. ये चोट है."

मला दादाचा धंदा आठवला. सिग्नलचा एक नियम त्याने नोकरीला लागल्या लागल्याच आम्हाला शिकवला होता. वायर तुटो, दिवा जाओ, काहीही बिघडो, सिग्नल लालच व्हायला पाहिजे. बिघाड झाला आणि हिरवा दिसला तर माणसं मरतात. आणि इथे त्याच्या स्वतःच्या डोक्यात बिघाड झाला होता आणि हिरवा दिवा लागून राहिला होता.

"और ये जो मान लो वाला क्लास है?" सायलीने खाली मान घालून विचारलं.

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बेटा, इनको तो पहले ही पूरा विश्वास है. इनकी बीमारी ही विश्वास है." सुरुवातीचे महिने व्यायामाला फार मोलाचे होते, ते गेले. सगळं गेलेलं नाही, पण जे गेलं ते गेलं, असंही तिने सांगितलं. तिने खोटी आशा दिली नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे.

सायलीने बाहेर येऊन त्या सरला फोन लावला. मी शेजारी उभी होते. तो शांतपणे म्हणाला, "आप लोगों ने प्रोसेस बीच में तोड़ दी. सर का विश्वास घर में ही हिला दिया गया." सायली एवढंच म्हणाली, "उनका हाथ कट गया, सर, और उनको पता नहीं चला." पलीकडून उत्तर आलं, "देखा? दर्द ही नहीं हुआ!"

मी फोन हिसकावून घेतला आणि जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. भुसावळच्या बाजारातलं होतं. त्याला कळलं नसेल. त्याचं काही वाकडंही झालं नाही. हॉल अजून भरतो असं सायली सांगते. दादाच्या डोक्याला मार बसला होता, मी समजू शकते. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्याला काय झालं होतं? आणि हात उठत नाही हे समोर दिसत असताना, इतके दिवस माझ्या भावाला खोटारडा मानणाऱ्या माझ्या डोक्याला?

कानोता

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कानोत्याच्या धरणावर गेलो. शहराच्या पूर्वेला आहे. पाणी शांत, काठावर सहलीची माणसं, लांबवर बगळे. थंडीचं ऊन पाठीवर घ्यायला याहून चांगली जागा नाही. वहिनीने मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी आणली होती.

डॉक्टरने एक गोष्ट सुचवली होती. माणसाला स्वतःचं दिसत नाही ते कधीकधी बाहेरून दिसतं. म्हणून सायलीने सकाळी, व्यायामाची मुलगी पुन्हा आली तेव्हा, मोबाइलवर चित्रण केलं होतं. पराठे खाऊन झाल्यावर तिने तो दादाच्या उजव्या बाजूला धरला.

पडद्यावर एक म्हातारा माणूस खुर्चीत बसला होता. ती मुलगी सांगत होती, डावा हात उठवा. म्हातारा म्हणत होता, उठवला.

दादा बघत राहिला. "याचा हात उठत नाहीये," तो म्हणाला.

"हो," सायली म्हणाली.

"खोटं बोलतोय हा. कोण आहे?"

"पापा, तुम्ही आहात."

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. पडद्यावर होता तोच चौकड्यांचा स्वेटर आत्ताही त्याच्या अंगावर होता. त्याने उजव्या हाताने स्वेटरची बाही चाचपली, खाली खाली जात पट्टीपर्यंत आला आणि थांबला. मोबाइल बाजूला सारला. तो रडला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "छायू, माझा हात उठत नाही?"

"नाही, दादा."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सायलीने सांगितलं होतं, वहिनीने सांगितलं होतं, मी भर हॉलमध्ये ओरडून सांगितलं होतं. वहिनी म्हणाली, "चुकलं आमचं." तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

मला वाटलं, संपलं. पडदा सरला. पण परत निघताना चहाच्या टपरीवर दादा टपरीवाल्याला सांगत होता, यंदा संक्रांतीला दोन्ही हातांनी असा पतंग लढवला, की समोरची गच्ची बघत राहिली. टपरीवाला म्हणाला, "वाह बाबूजी." अर्ध्या तासात मेंदूने सगळं पुन्हा भरून टाकलं होतं. सायली गाडीच्या टपावर डोकं टेकून उभी राहिली. मी या वेळी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवायला तिघंही आली. दादाने खिडकीतून गजकाचा डबा दिला. "पुढच्या संक्रांतीला ये. यंदा तू पतंग नीट पाहिलेच नाहीस," म्हणाला.

व्यायाम आता रोज होतो. दादा रोज त्या मुलीशी भांडतो, ती रोज येते. सायली रोज चित्रण दाखवते, तो रोज नव्याने हादरतो आणि रोज विसरतो. त्याला रोज नव्याने हे दुःख देणं योग्य आहे का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा सायली म्हणाली, "आत्या, मी त्यांना झूठ देऊन बघितलं आहे." माझा राग तिच्यावरून उतरला तो तेव्हा.

काल सकाळी तिचा फोन आला. आवाज बदललेला होता. काल ती मुलगी यायच्या आधीच, मोबाइल दाखवायच्या आधीच, दादा खुर्चीत बसून बराच वेळ डावीकडे मान वळवून बघत होता. मग सायलीला हाक मारून त्याने विचारलं, "मी आत्ता हात वर केला असं मला वाटतंय. झाला का?"

"नाही झाला, पापा," ती म्हणाली.

"बरं," दादा म्हणाला. "पुन्हा करतो. तू बघ."